खोलीचं माप आणि प्रकाशाचा कोन

लेखमाला : जुनं शहर, नवी घरं – भाग सहावा

२००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ बेटाची, लोकसंख्या वाढली नाही, घटली. ३३ लाख ३८ हजारांवरून ती ३० लाख ८५ हजारांवर आली. याच दशकात परळ, लालबाग, वरळीतल्या गिरण्यांच्या जमिनींवर टोलेजंग मनोरे चढत होते. बांधकाम वाढत गेलं आणि माणसं कमी होत गेली. २०११ च्या जनगणनेत मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास घरं रिकामी आढळली, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. पुनर्विकासाचं अर्थकारण आपण मागच्या भागांत पाहिलं. त्याचं फलित या आकड्यांत आहे. जुन्या शहराला नवं बांधकाम हवं आहेच, पण त्याहून जास्त हवी आहेत तिथे राहून तिथेच काम करणारी, तिथल्या दुकानात सामान घेणारी माणसं. दोनशे-तीनशे चौरस फुटांचं, स्वतःचं न्हाणीघर आणि स्वयंपाकाचा ओटा असलेलं घर अशा माणसांना शहरात परत आणू शकतं, असं माझं मत आहे. पण मुंबईने हे साधन गेली शंभर-सव्वाशे वर्षं वापरलं, आणि बहुतेक वेळा चुकीच्या मापाने वापरलं. आपण खोली चौरस फुटांत मोजत राहिलो. तिच्याबाहेर काय आहे हे नियमाने गंभीरपणे मोजलं ते क्वचितच, आणि तेही आपण पुढे सोडून दिलं.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे पहिले रोगी सापडले आणि दोन वर्षांत बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या काळची मुंबई एका खोलीत राहणारी होती. १९११ च्या जनगणनेनुसार शहरातले दोन तृतीयांशाहून जास्त लोक एकखणी बिऱ्हाडात राहत होते आणि खोलीमागे सरासरी चारहून जास्त माणसं होती. ट्रस्टने दाट वस्त्या फोडल्या, रुंद रस्ते काढले, चाळी बांधल्या. पाडलेल्या खोल्यांपेक्षा बांधलेल्या खोल्या कमी भरल्या आणि गर्दी शेजारच्या गल्लीत सरकली, हा ट्रस्टवरचा आक्षेप खराच आहे. तरीही त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मांडलेला एक नियम आजच्या चर्चेत परत आणायला हवा, तो म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशात वर रेषा ओढायची. ती समोरच्या इमारतीला लागता कामा नये. भूमितीची गंमत अशी की या कोनात उंची ही पायाच्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मं अंतर मोकळं सोडायचं. पंचेचाळीस अंशांचा कोन धरला असता तर उंचीइतकंच अंतर सोडावं लागलं असतं, आणि मुंबईच्या जमिनीच्या भावात ते झालं नसतं. साडेत्रेसष्ट अंश ही तडजोडच होती, पण विचारपूर्वक केलेली. खोली किती मोठी हवी हे न सांगता त्या खोलीला किती आकाश मिळालं पाहिजे हे ती सांगत होती. दादर-माटुंग्याच्या आखणीत या नियमाचा वापर झाला, आणि त्या भागातल्या जुन्या तीन मजली इमारतींच्या तळमजल्यावरही दिवसा दिवा लावावा लागत नाही याचं बरंचसं श्रेय त्यालाच आहे.

पुढच्याच दशकात हा विचार मागे पडला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, विकास विभाग (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी) निघाला; त्यानेच वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या. पन्नास हजार खोल्यांचं उद्दिष्ट होतं, प्रत्यक्षात सोळा हजारांच्या आसपास झाल्या. इमारती २०७, खोली १६० चौरस फुटांची, मधोमध लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना दारं. काँक्रीटच्या या पक्क्या घरांत गिरणी कामगार आनंदाने येतील असा हिशेब होता. प्रत्यक्षात १९२० च्या दशकात त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. भाडं जड होतं आणि खोल्या अंधाऱ्या होत्या. ज्या शहरात एकेका खोलीत चार-पाच माणसं दाटीने राहत होती त्याच शहरात सरकारी खोल्यांना भाडेकरू मिळेना, ही गोष्ट साधी नाही. गरीब माणूस मिळेल ते छप्पर स्वीकारतो, या समजुतीवर आपली अर्धी गृहनिर्माण धोरणं उभी आहेत आणि ती समजूत त्याच वेळी खोटी ठरली होती. पुढे त्या चाळींत माणसं रुजली, तिथे जोमदार सार्वजनिक आयुष्य उभं राहिलं. ते रहिवाशांचं कर्तृत्व होतं, आराखड्याचं नव्हे.

आता अलीकडे येऊ. झोपडपट्टीवासीयांच्या पुनर्वसनातलं घर १९९१ मध्ये १८० चौरस फुटांचं होतं, १९९५ मध्ये २२५ झालं, २००८ मध्ये २६९ आणि सध्याच्या नियमावलीत ३००. दर वेळी राजकीय भांडण झालं ते या आकड्यावर, आणि दर वेळी आकडा वाढला की प्रगती झाली असं मानलं गेलं. त्याच नियमांत दुसरी दोन कलमं शांतपणे बसलेली असतात. एक, पुनर्वसन इमारतींना सभोवतालच्या मोकळ्या जागेत सवलत. दोन, दाटीची किमान मर्यादा : हेक्टरी आधी ५०० आणि आता ६५० घरं तरी बसलीच पाहिजेत. कमाल नव्हे, किमान. गरिबांच्या घरांनी जमीन जितकी कमी व्यापावी तितकी विक्रीच्या इमारतीला जास्त उरते, हे त्यामागचं गणित. त्याचा परिणाम पाहायचा असेल तर गोवंडीतला नटवर पारेख कंपाउंड पाहावा. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी बांधलेल्या तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारती, २२५ चौरस फुटांची घरं आणि दोन इमारतींत जेमतेम ३ मीटर अंतर. ऑर यांची रेषा इथे ओढून पाहा. साधारण साडेबावीस मीटर उंचीसाठी सव्वाअकरा मीटर अंतर हवं होतं. ३ मीटरमध्ये कोन ८२ अंशांच्या पुढे जातो. साडेत्रेसष्ट अंशांच्या कसोटीला उतरतात ते फक्त सगळ्यांत वरचे दोन मजले. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इथे आणि लल्लूभाई कंपाउंड या अशाच दाट वसाहतीत क्षयरोगाचं प्रमाण मोठं आढळलं, खालच्या मजल्यांवर विशेष. त्याच परिसरातल्या पीएमजीपी वसाहतीत, जिथे इमारती एकमेकींपासून दूर आहेत, ते कितीतरी कमी होतं.

क्षयरोगाला फक्त अंधार कारणीभूत नसतो, असं इथे कुणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. आहार, कामाची जागा, उपचार अर्धवट सुटणं ही सगळी कारणं आहेत. पण तुलना केलेल्या वसाहती एकाच भागातल्या, सारख्याच परिस्थितीतल्या माणसांच्या आहेत आणि घरं सगळीकडे लहानच आहेत. एकाच इमारतीत वरच्या आणि खालच्या मजल्यांत फरक पडत असेल तर त्याचं स्पष्टीकरण आहारात किंवा उत्पन्नात सापडणार नाही. सूर्यप्रकाश आणि हवेची ये-जा क्षयाच्या जंतूला मारक आहे, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तेव्हा २२५ चे ३०० चौरस फूट करून आपण जे दिलं त्यापेक्षा ते ३ मीटर ठेवून हिरावून घेतलं ते जास्त आहे, असं मला वाटतं.

खोलीबाहेरचं दुसरं माप म्हणजे कामापर्यंतचं अंतर. २००८ मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना काढली : १६० चौरस फुटांची घरं, विकासकाला वाढीव चटई क्षेत्र. कल्पना चांगली होती. भाड्याने मिळणारं लहान घर ही या महानगराची खरी गरज आहे. पण घरं उभी राहिली ती पनवेलसारख्या कडेच्या भागांत, जिथे जमीन स्वस्त आणि काम लांब. योजना पुढे गुंडाळली गेली. पनवेलजवळच्या कोन गावातली घरं दोन-दोन जोडून ३२० चौरस फुटांची केली आणि २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी त्यांची सोडत निघाली. ताबा मिळायला पुढे कित्येक वर्षं गेली. २०२५ मध्ये कामगार आझाद मैदानात जमले ते शेलू आणि वांगणीची घरं नकोत, मुंबईतच हवीत, हे सांगायला. त्याआधी गिरण्यांच्या जागेवर बांधलेली २२५ चौरस फुटांची घरं मिळावीत म्हणून लाखाहून जास्त अर्ज आले होते. शहरातलं लहान घर लोक मागतात आणि शहराबाहेरचं नाकारतात. एवढा स्पष्ट कौल हाती असताना तो वाचायला आपण तयार का नसावं?

मग लहान घराने जुना भाग जिवंत होतो असं उदाहरण आहे का? अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात १८२८ मध्ये बांधलेली ‘आर्केड’ नावाची दुकानांची इमारत आहे : काचेचं छत, मधोमध उंच दालन आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या. वरच्या मजल्यांवर गिऱ्हाईक चढेना, तोटा वाढला आणि २००८ मध्ये ती बंद पडली. २०१३ मध्ये ती उघडली तेव्हा तळमजल्यावर दुकानं होती आणि वरच्या दोन मजल्यांवर ४८ लहान घरं, बहुतेक ३०० चौरस फुटांच्या आतबाहेर. घरांची दारं उघडतात ती काचेच्या छताखालच्या गॅलरीत. इमारत न पाडता वाचली आणि दुकानांना डोक्यावरच राहणारं गिऱ्हाईक मिळालं. मुंबईत फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमधली कितीतरी कार्यालयं वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. तिथल्या उंच छतांच्या, मोठ्या खिडक्यांच्या दगडी इमारतींचे वरचे मजले अशा घरांसाठी किती योग्य आहेत, हे त्या रस्त्यांवरून मान वर करून चालणाऱ्या कुणालाही दिसेल. गिरगाव-काळबादेवीतल्या ज्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारती अजून दुरुस्त होण्याजोग्या आहेत, त्यांच्या बाबतीतही पाडण्याआधी हा पर्याय तपासला पाहिजे.

या सूचनेवर सगळ्यांत गंभीर आक्षेप आहे तो पिढ्यान्‌पिढ्या एका खोलीत काढलेल्या कुटुंबांचा. चाळीच्या खोलीत सहा-सात माणसं राहिली, मुलांनी अभ्यास जिन्यात केला, सुनांना कपडे बदलायला आडोसा मिळाला नाही. आणि आता कुणी लहान घराचे गुण गातो! ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. त्यांच्या घरातला एक चौरस फूटही कमी व्हावा असं मी म्हणत नाही. लहान घर हे कुटुंबाचं घर नाही, ही या साधनाची पहिली अट आहे. ते एकट्या नोकरदार बाईसाठी आहे, परगावाहून आलेल्या परिचारिकेसाठी, विद्यार्थ्यासाठी, मुलं दूर गेलेल्या वृद्ध जोडप्यासाठी. आज ही माणसं काय करतात? मोठं घर चौघांत वाटून घेतात, खाटेचं भाडं भरतात, किंवा विरारहून आणि बदलापूरहून रोज येतात. त्यांच्यासाठी वेगळी लहान घरं झाली तर कुटुंबाच्या घरांवरची त्यांची मागणीही हलकी होईल. म्हणून एका इमारतीत लहान घरांचा हिस्सा ठरवून द्यावा, बाकी मोठी असावीत. आणि कुटुंबाच्या पुनर्वसनात ३०० चौरस फूट हा शेवटचा टप्पा समजू नये.

दुसरा आक्षेप किमतीचा. न्यूयॉर्कने १९८७ पासून ४०० चौरस फुटांपेक्षा लहान नवी घरं रोखली होती. तो नियम बाजूला ठेवून २०१६ मध्ये ‘कार्मेल प्लेस’ ही ५५ लहान घरांची इमारत उभी राहिली. आराखडा उत्तम होता, नऊ फुटांहून उंच छत, मोठ्या खिडक्या, सामायिक गच्ची. पण बाजारभावाच्या घरांचं भाडं महिना अडीच हजार डॉलरांच्या वर गेलं. लहान म्हणजे स्वस्त असं आपोआप होत नाही. चौरस फुटाचा दर उलट वाढतो, आणि तो दर पाहून जमीनमालक पुढची किंमत सांगतो. हा धोका मुंबईत अधिकच मोठा आहे, कारण इथे अशी घरं गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवली जातील. म्हणून ती सुटी विकली जाऊ नयेत, एका जबाबदार मालकाकडे, म्हाडा, महापालिका किंवा सहकारी संस्थेकडे राहावीत आणि भाड्यानेच दिली जावीत. देखभालीसाठीही हेच बरं. टोकियोतल्या नाकागिन कॅप्सूल टॉवरमध्ये १९७२ साली १४० खोल्या होत्या, प्रत्येकी साधारण १० चौरस मीटरच्या, पंचवीस वर्षांनी बदलायच्या म्हणून योजलेल्या. मालक अनेक, एकमत होईना. एकही खोली बदलली गेली नाही आणि २०२२ मध्ये इमारत पाडली. भाड्याबाबत मात्र १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचा अनुभव विसरून चालणार नाही. भाडी गोठली, मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, इमारती कोसळू लागल्या आणि १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं. भाडं खर्चाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढलं पाहिजे आणि त्यातला दुरुस्तीचा वाटा वेगळ्या खात्यात पडला पाहिजे.

शेवटचा आक्षेप विकासक घेतील : साडेत्रेसष्ट अंशांचा नियम परत आणला तर तेवढ्याच जमिनीवर कमी घरं बसतील. जुन्या इमारती दुरुस्त करून वापरायच्या असतील तिथे हा प्रश्न फारसा येत नाही, त्यांच्यातली अंतरं ठरलेलीच आहेत. जी इमारत अंधारी निघेल तिथे घरं करू नयेत, गोदाम किंवा कार्यशाळा करावी. नव्या बांधकामात मात्र दोन पुनर्वसन इमारतींमध्ये ३ ऐवजी अकरा मीटर सोडायचे तर ती जमीन कुठून तरी यावी लागेल, आणि ती विक्रीच्या मनोऱ्याच्या वाट्यातून येईल. विकासकाचा नफा घटेल, काही योजना परवडणार नाहीत, तिथे सरकारला पैसा घालावा लागेल. हा खर्च आज वाचतो असं दिसतं, कारण तो सार्वजनिक दवाखान्याच्या आणि खालच्या मजल्यावरच्या रहिवाशाच्या खात्यावर पडतो. पुनर्वसनाच्या कलमातून किमान दाटीची अट काढून तिथे प्रकाशाच्या कोनाची अट घालायला हवी, आणि नकाशा मंजूर करताना घराच्या क्षेत्रफळाशेजारी प्रत्येक मजल्याचा कोन लिहिणं सक्तीचं करायला हवं. हे कलम कुणाच्या हाती आहे आणि ते बदलण्याची प्रक्रिया काय, ते पुढच्या भागात पाहू.