ॲपं गेली, फाइल उरली

२००४ साली मराठीत भाषांतर-संपादन करणाऱ्या माणसाचं कामाचं सामान थोडकं होतं. एक डायरी, एक संगणक, त्यात श्रीलिपी किंवा आकृती हे मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर, छापखान्यात न्यायच्या सीडी आणि भिंतीवर कालनिर्णय. तारखेच्या चौकोनात दुधाच्या लिटरांशेजारी ‘दुसरी प्रुफं’ असं पेनाने लिहिलेलं असायचं. घरातल्या सगळ्यांना ते दिसायचं, त्यामुळे कुणीतरी आठवण करून द्यायचंच. माझ्या कामाची सुरुवात साधारण त्याच सुमाराची. तेव्हापासून आजवर रोजचं संगणकावरचं काम आवरायला जी जी साधनं आली, त्यांचा जमाखर्च एकदा मांडावा, असं बरेच दिवस मनात होतं.

मांडायला बसलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्यांचा गाजावाजा झाला त्यातली बरीच साधनं आज नाहीत. आणि मराठीत काम करणाऱ्याचा वेळ ज्याने खरोखर वाचवला, त्याचा उल्लेख वेळेच्या नियोजनावरच्या पुस्तकांत मला कधी सापडला नाही. आपलाच मजकूर आपल्याला शोधता येणं, एवढीच ती गोष्ट.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं. हॉटमेल तेव्हा दोन एमबी जागा द्यायचं, याहू चार. जीमेलने एक जीबी देऊ केली आणि तारीख पाहून अनेकांना ती थट्टाच वाटली. निमंत्रणाशिवाय खातं उघडता येत नसे, त्यामुळे ओळखीपाळखीत निमंत्रणं मागितली जात. जागेपेक्षा मोठा बदल सवयीत झाला. तोवर पत्रं वाचून पुसायची, नाहीतर कप्प्यांत लावून ठेवायची. आता सांगितलं गेलं की पुसू नका, हवं तेव्हा शोधा. इंग्रजीत काम करणाऱ्यांना ही सोय पहिल्या दिवसापासून मिळाली. आपल्याला नाही, कारण आपला मजकूर अजून फाँटात अडकलेला होता.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं खोलात सांगते. जुन्या फाँटात टाइप केलेला ‘क’ संगणकाच्या लेखी ‘क’ नसायचाच. ते एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असायचं, आणि फाँट त्याच्या जागी ‘क’चं चित्र दाखवायचा. समोरच्याकडे तोच फाँट नसेल तर अख्खा लेख रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कालवा होऊन जायचा. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, म्हणून लेखाबरोबर फाँटही पाठवावा लागायचा. ‘पानशेत’ हा शब्द आपल्या शंभर फाइलींपैकी कोणकोणत्या फाइलींत आहे, हा साधा प्रश्न संगणकाला विचारायची सोय नव्हती. संदर्भ शोधायचा म्हणजे फाइली एकेक करून उघडायच्या.

उपाय नव्हता असं नाही. इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाणक आपल्याच देशात तयार झालं होतं, आणि युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामायिक प्रमाणकातली देवनागरीची मांडणी त्याच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. ती १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. विंडोज २००० बरोबर मंगल फाँटही आला. विंडोज एक्सपीत मात्र मूळ सीडी घालून देवनागरीची सोय वेगळी चालू करून घ्यावी लागे, आणि ती सीडी कुठल्या कपाटात आहे हे कुणालाच माहीत नसे. खरी अडचण होती छापखान्यात. पान लागायचं पेजमेकरवर. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि युनिकोड त्याला कळतच नव्हतं. त्यामुळे युनिकोडमध्ये आलेला लेख ऑपरेटर कन्व्हर्टरमधून पुन्हा जुन्या फाँटात न्यायचा, आणि त्या उलट्या प्रवासात रफार व पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची. प्रुफांची एक पूर्ण फेरी त्या दोघांपायी खर्च व्हायची. २०१२ मध्ये इनडिझाइन या पान लावायच्या नव्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ आवृत्तीत भारतीय लिप्यांची सोय आली, आणि तिथून पुढे हळूहळू छापखानेही वळले. हे अजूनही सगळीकडे झालेलं नाही.

युनिकोड आलं म्हणून शोधाशोध संपली, असंही नाही. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. यासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र द्यावा लागे, आणि काही कळफलक आजही तसंच टाइप करतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. ‘ॲड’ असं शोधलं तर ज्या लेखकाने जुन्या पद्धतीने ‘अॅड’ टाइप केलंय, त्याच्या लेखातले सगळे ॲडव्होकेट हाती लागत नाहीत. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतल्या ‘ऱ्य’चीही तीच तऱ्हा, तोही दोन प्रकारांनी लिहिता येतो. आकडे तर देवनागरीही येतात आणि रोमनही. म्हणून बाहेरून आलेला प्रत्येक लेख साठवण्याआधी मी या तीन गोष्टी ‘शोधा आणि बदला’मधून एकसारख्या करून घेते. पाचच मिनिटं जातात. त्या पाच मिनिटांनी पुढच्या वर्षांत किती तास परत दिले, हे मराठीत संपादन करणाऱ्या कुणालाही पटेल.

याच काळात काम आवरायच्या पद्धतींची लाट आली. डेव्हिड ॲलनचं ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झालं होतं, आपल्याकडे ते पोचायला काही वर्षं गेली. २००७ मध्ये मर्लिन मॅन या ब्लॉगलेखकाने गूगलच्या कार्यालयात ‘इनबॉक्स झिरो’वर व्याख्यान दिलं. शून्य म्हणजे पेटीतल्या पत्रांची संख्या नव्हे, आपलं डोकं त्या पेटीत किती अडकलंय ते, असं त्याचं म्हणणं. लोकांनी मात्र संख्याच धरली. फ्रांचेस्को चिरिलो या इटालियन माणसाने विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला, त्यातून पोमोदोरो निघालं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. भाषांतराला ही पद्धत मला मानवली नाही, कारण अवघड परिच्छेद बहुधा बाविसाव्या मिनिटाला सुटायला लागतो. प्रुफं वाचायला मात्र ती उत्तम आहे. पंचवीस मिनिटांनंतर डोळा अनुस्वार सोडायला लागतोच.

या सगळ्यांत माझ्या मते टिकाऊ ठरलं ते ॲलनचं एकच सांगणं : कामाच्या यादीत कामाचं नाव लिहू नका, पुढची कृती लिहा. ‘दिवाळी अंक’ असं यादीत लिहिलं तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते तिथेच बसून राहतं आणि रोज नुसतं छातीत धडकी भरवतं. माझ्या फाइलीत ओळी अशा असतात :

मुखपृष्ठ : चित्रकारांना फोन, मागचा रंग फिका चालेल का
कथा : शेवटच्या पानाचा फोटो पुन्हा मागवणे, डावी कड कापलीये
जाहिरात : मापं आली नाहीत, सोमवारी अकराला विचारणे

वाचताक्षणी हात फोनकडे जावा, इतकी ओळ सुटी असली पाहिजे. विचार लिहितानाच करून टाकायचा, म्हणजे दमलेल्या संध्याकाळीही काम होतं.

आता ॲपांकडे येते. निवडलेल्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका जागी दाखवणारं गूगल रीडर २००५ मध्ये आलं. अनेक लेखक-पत्रकारांचा दिवस त्यावर सुरू व्हायचा. १ जुलै २०१३ रोजी ते बंद झालं. ‘इनबॉक्स’ हे गूगलचंच पत्रांचं नवं ॲप २०१४ मध्ये आलं आणि एप्रिल २०१९ मध्ये गेलं. बर्लिनच्या कंपनीचं वंडरलिस्ट हे यादीचं सुरेख ॲप २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. एव्हरनोट हे नोंदींचं ॲप अजून आहे, पण मालक बदलले, आणि डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्यांना पन्नास नोंदींची मर्यादा आली. यात कुणी फसवलं असं मला म्हणायचं नाही. मजकूर बाहेर काढायला मुदत मिळाली, वाट मिळाली. तरी एका ॲपमधून दुसऱ्यात बिऱ्हाड हलवताना तारखा गळतात, जोडलेली चित्रं सुटतात, आणि आठवडाभर माणूस कामाऐवजी कामाची यादीच आवरत बसतो. आपली स्मरणशक्ती ज्या घरात ठेवायची ते घर भाड्याचं असू नये, या मतावर मी या यादीतूनच आले.

साधी टेक्स्ट फाइल मला यावरचं उत्तर वाटते. ती कोणत्याही संगणकावर, फोनवर उघडते. दोन हजार शब्दांचा मराठी लेख त्यात चाळीसेक केबीत मावतो. लाइफहॅकर हा ब्लॉग सुरू करणाऱ्या जीना ट्रपानीने २००६ मध्ये ‘टूडू डॉट टीएक्सटी’ या नावाने अशाच साध्या फाइलीत यादी ठेवायची रीत मांडली, तिला अजून काही झालेलं नाही. मराठीसाठी इथेही एक खाच होती. विंडोजचं नोटपॅड बरीच वर्षं फाइल ‘आन्सी’ या जुन्या पद्धतीने साठवू पाहायचं. साठवताना एक सूचना यायची, ती न वाचता ओके दाबलं की सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हं व्हायची, आणि ती परत येत नसत. ‘यूटीएफ-८’ ही युनिकोडची पद्धत निवडायला शिकणं हीच त्या काळातली खरी संगणकसाक्षरता होती. २०१९ पासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ निवडतं. या बदलाची बातमी कुठल्या मराठी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर नव्हती, पण माझ्या हिशेबात ती मोठी आहे.

मग व्हॉट्सॲप. जानेवारी २०१५ मध्ये ते संगणकाच्या पडद्यावर आलं, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. पाठोपाठ मराठी प्रकाशनाचं काम ईमेलवरून उठून गप्पांच्या खिडकीत जाऊन बसलं. लाल शाईने तपासलेल्या प्रुफांचे फोटो, लेखकाचा चार मिनिटांचा आवाजी निरोप, त्याच्याखाली सुप्रभात, त्याच्याखाली जाहिरातीचा मजकूर. गावात राहणारे, संगणक नसलेले कितीतरी चांगले लेखक यामुळेच संपादकांच्या हाती लागले, हे मान्य केलंच पाहिजे. पण तिथे आलेल्या कामाला जागा नसते. ते वर सरकत जातं आणि दिसेनासं होतं. लोकांनी युक्त्या काढल्या. एका मित्राला घेऊन गट काढायचा, मग त्याला काढून टाकायचं, आणि उरलेल्या रिकाम्या गटात स्वतःलाच निरोप लिहायचे. २०२२ च्या अखेरीस स्वतःला निरोप पाठवायची सोय व्हॉट्सॲपनेच दिली. माझा नियम त्याहून साधा आहे. रोज संध्याकाळी फोन शेजारी ठेवून दिवसभराच्या निरोपांतलं काम फाइलीत उतरवायचं, आवाजी निरोप ऐकून त्यातली कृती एका ओळीत लिहायची, आणि मगच उठायचं. फाइलीत नाही ते काम माझ्याकडे आलेलं नाही, हे सहकाऱ्यांनाही आता ठाऊक आहे.

टाळेबंदीच्या काळाबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. तेव्हा भेटी संपल्या आणि बैठका वाढल्या, एवढंच मी नोंदवते. त्याआधी, २०१७ मध्ये, गूगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय दिली होती. हात थरथरणाऱ्या ज्येष्ठ लेखकांना तिने पुन्हा लिहितं केलं, विरामचिन्हं आपण घालायची. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं मुलाखतीची ध्वनिफीत उतरवून देतात, सारांश काढून देतात. वेळ वाचतो. विशेषनामं आणि सनावळी मात्र ओळ न् ओळ तपासावी लागते, आणि तपासायला मूळ मजकूर हाताशी, शोधता येईल असा लागतोच.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखन कसं करावं ते सांगितलंय. तरुणपणी फार बारीक अक्षर काढलं तर ते म्हातारपणी आपल्याच कामाला येत नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावं, अशी त्यात एक सूचना आहे. साधन निवडताना मी आता तोच निकष लावते. आजचं माझं लिहिणं वीस वर्षांनी मला उघडता येईल का, वाचता येईल का, त्यातला शब्द शोधता येईल का? तीनही उत्तरं ‘हो’ असतील तर ॲप कोणतं का असेना.

आणि म्हणून वाचकांना, विशेषतः जुने लेखक, संपादक, संस्थांचे कार्यवाह यांना एक विनंती. तुमच्या कपाटात सीडी असतील, जुन्या संगणकात श्रीलिपी-आकृतीतल्या फाइली असतील. कन्व्हर्टर अजून मिळतात, सीडी वाचणारे ड्राइव्ह अजून मिळतात, आणि ते फाँट ओळखणारे ऑपरेटर अजून कामावर आहेत. या दिवाळीच्या आत त्या फाइली युनिकोडमध्ये आणून घ्या, रफार आणि पहिली वेलांटी तेवढी डोळ्यांखालून घाला, आणि एक प्रत घराबाहेर दुसऱ्या कुणाकडे ठेवा.