पैसे मोजता येतात, 'मनी' का नाही?

कात्रपला आमच्या शेजारी राहणाऱ्या नववीतल्या मुलीने इंग्रजीच्या वहीत 'हाऊ मेनी मनी' असे लिहिले आणि त्यावर लाल फुली आली. नियम तिला पाठ होता : मोजता येणाऱ्या वस्तूंना 'मेनी', न येणाऱ्यांना 'मच'. तिने आम्हाला विचारले, "पैसे तर आई रोज मोजते. मग चुकले कुठे?"

आमच्या मते, नियमाच्या मराठी रूपात. आपले 'मोजणे' दोन कामे करते. आपण नाणी मोजतो आणि दूधही मापाने मोजून घेतो. 'काउंटेबल'चा संबंध फक्त पहिल्या कामाशी, म्हणजे एक, दोन, तीन असे गणण्याशी आहे. 'रुपीज' असे गणता येतात, म्हणून त्यांना 'मेनी' चालते, 'मनी'ला नाही. शिवाय 'किती पैसे' आणि 'किती दूध' यांत आपला 'किती' एकच! इंग्रजी प्रश्न विचारतानाच जो भेद करायला लावते, तो मराठी मुलाला तिथे कधी करावाच लागलेला नसतो.

पण 'गणता येणारे' म्हटल्यानेही भागत नाही. तांदळाचे दाणे गणता येतात. कृषिशास्त्रात हजार दाण्यांचे वजन हे नेहमीचे माप आहे. तरी 'राइस' अगणनीय. 'व्हीट' एकवचनी, तर त्याच्यासारखेच धान्य असलेले 'ओट्स' अनेकवचनी. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ साली 'फिलॉसॉफी ऑफ ग्रामर'मध्ये गणनीय शब्द आणि राशिवाचक शब्द असा भेद मांडला. भेद शब्दांचा आहे, हे ध्यानात ठेवावे. वस्तू बिचारी तीच असते.

मराठीतही तो आहेच. डब्यात साखर आहे, रवा आहे. पण पोहे आहेत, शेंगदाणे आहेत. तांदूळ निवडले, धुतले, आणि शिजल्यावर मात्र भात 'झाला'! इंग्रजीत दोन्ही 'राइस'च. (बदलापूरच्या आसपास पावसाळ्यात शेतात लावतात तोही भातच.) दोन भाषांच्या याद्या मात्र जुळत नाहीत. केस आपल्याकडे अनेकवचनी, डोक्यावरचे 'हेअर' एकवचनी. बातम्या आपण दोन-तीन सांगतो. 'न्यूज'ला संख्या लागत नाही.

वर्गात मुलांना स्वयंपाकघरातल्या वीस जिनसांची यादी करायला सांगावी. प्रत्येकीपुढे 'आहे' की 'आहेत', आणि शेजारी इंग्रजी शब्द व 'इज' की 'आर'. 'संपले' वापरू नये; दूध संपले आणि पोहे संपले यांत फरक दिसत नाही. जिथे दोन रकाने जुळत नाहीत, तिथेच फुल्या पडतात. शेजारच्या मुलीला अशी पहिली जागा मसुराच्या डब्यात सापडली : आपली डाळ 'आहे', इंग्रजीतल्या 'लेंटिल्स' मात्र 'आर'.