तीनशे छर्रे आणि एक कोरा कागद

बाराबोर म्हणजे 12 नंबर कशाचा? नळीच्या मापाचा, हे खरं. पण ते माप फुटपट्टीने नाही, तराजूने ठरलेलं आहे. एक पौंड शिसं घ्या, त्याचे बारा सारखे गोळे करा. त्यातला एक गोळा ज्या नळीत चपखल बसेल ती बाराबोर. गणित करून बघा: प्रत्येक गोळा 37.8 ग्रॅमचा, व्यास साडेअठरा मिलिमीटर. आजही कारखान्यातली नळी याच मापाच्या आसपास कोरली जाते.

आदिलाबाद जिल्ह्यात या बंदुकीचं नाव काढलं की शिकारीच्या जुन्या गोष्टी निघतात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या गोष्टींवर पडदा टाकला, आणि याच जिल्ह्यातल्या इचोड्याच्या पूर्वेकडे आता कवल व्याघ्र प्रकल्प आहे. पण बाराबोरचं आयुष्य तिथे संपलं नाही. इचोड्यावरून जाणारा 44 नंबरचा महामार्ग सरळ हैदराबादला पोचतो, आणि त्या शहरातल्या नेमबाज किनान चेनाईने 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच बंदुकीने ट्रॅप प्रकारात वैयक्तिक कांस्य आणि संघाचं सुवर्ण मिळवलं. समोर जनावर नव्हतं. होती 11 सेंटिमीटर व्यासाची, 105 ग्रॅमच्या आसपास वजनाची तबकडी, ताशी 100 किलोमीटरच्या घरात वेगाने दूर पळणारी.

या खेळाला काडतुसं लागतात ढिगाने. एका फेरीत 25 तबकड्या, ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत 125, आणि ट्रॅपमध्ये प्रत्येक तबकडीवर दोन बार टाकायची मुभा. सराव त्याच्या कितीतरी पट. म्हणून स्वस्त काडतूस कुठलं, हा प्रश्न प्रत्येक नेमबाज पहिल्या महिन्यातच विचारतो. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पहिलं काडतूस आणि दोनशेवं काडतूस अगदी एकसारखं वागेल का?

काडतुसाचा उभा छेद डोळ्यांसमोर आणा. बुडाला पितळी किंवा पितळी मुलामा दिलेली वाटी, तिच्या मधोमध दारू पेटवणारी टोपी. त्यावर दारू. दारूवर प्लॅस्टिकचा प्याला, प्याल्यात छर्रे, आणि वर नळकांड्याच्या तोंडाला चांदणीसारख्या घातलेल्या घड्या. आंतरराष्ट्रीय नियमाने छर्रे 24 ग्रॅमच. ट्रॅपला चालणारा साडेसात नंबरचा छर्रा 2.4 मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याहून जरासा मोठा. म्हणजे एका बारात सुमारे 300 छर्रे.

आणि हे 300 गोल कोण करतं? यंत्र नाही, पृष्ठताण करतो. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने 1782 मध्ये याचं पेटंट घेतलं. उंच मनोऱ्यावरून वितळलेलं शिसं चाळणीतून खाली सोडायचं. पडता पडता प्रत्येक थेंब स्वतःला आक्रसून गोल होतो, वाटेतच घट्ट होऊ लागतो आणि तळाच्या पाण्यात जाऊन पडतो. शिशात किंचित आर्सेनिक घातलं की थेंब नीट गोल होतात, अँटिमनी घातलं की छर्रा कडक होतो. पावसाचा थेंब गोल करणारा निसर्गनियम आणि ऑलिंपिकचं पदक यांच्यात असं थेट नातं आहे, हे कळल्यापासून छर्रा तळहातावर घेतला की मी तो नुसता पाहत राहतो.

कडकपणाला पैसे पडतात, आणि ते वाया जात नाहीत. मऊ छर्रे दारूच्या धक्क्याने चेपतात. चेपलेला छर्रा हवेत भरकटतो. आता हे गणित पाहा. बंदूक तपासायची जुनी रीत अशी: 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, मोठा कोरा कागद लावायचा, एक बार टाकायचा, सर्वांत दाट भागाभोवती 75 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी सर्वांत जास्त आवळलेल्या नळीने साधारण 70 टक्के, म्हणजे 210 भोकं पडायला हवीत. तबकडीची पूर्ण चकती समोर असेल तर तिच्या वाट्याला सरासरी चार-पाच छर्रे येतात. पण नुसती कड दिसत असेल, तर एखाद-दुसराच! तीनशेतले आणखी पन्नास भरकटले तर तो एकही चुकू शकतो, आणि नेमबाज दोष देत बसतो आपल्या खांद्याला.

वेगाचंही तसंच. छर्रा तबकडीपर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग घेतो. तेवढ्यात ती दोन-तीन मीटर पुढे गेलेली असते. एका काडतुसाचा वेग दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी झाला, तर आडव्या तबकडीवरचा नेम वीतभर मागे पडतो. म्हणून ‘जास्त वेगवान’ असं छापलेल्या खोक्याला भुलू नये. जड बारही नको: 28 किंवा 32 ग्रॅमला शिसं जास्त, दाम जास्त आणि खांद्याला दणकाही जास्त.

आपल्याकडे या काडतुसांचं माहेरघर पुण्याजवळ खडकीला आहे. तिथला दारूगोळा कारखाना 1869चा. ‘शक्तिमान’ छापाची बाराबोरची काडतुसं तिथलीच. ऑक्टोबर 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे.

जुनी दुनळी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. काडतुसावरचं 70 मिलिमीटर हे माप घड्या उलगडल्यानंतरचं असतं. न उडालेलं काडतूस जेमतेम 58-60 भरतं. त्यामुळे ते जुन्या नळीच्या 65 मिलिमीटरच्या खोबणीत निमूट बसतं, आणि बार होताना घड्या उघडायला जागा न मिळाल्याने दाब धोकादायक वाढतो. नळीवर कोरलेलं माप वाचल्याशिवाय काडतूस घालू नका. तसंच वीस बोरचं काडतूस बाराबोरच्या नळीत घसरून अडकतं आणि मागून बाराबोरचं घातलं तर नळी फुटते. म्हणूनच वीस बोरची काडतुसं पिवळी करायचा प्रघात आहे. पिवळं आणि बाराबोरचं एका खिशात कधीही नको.

साठवणूक कोरड्या, बंद डब्यात, बंदुकीपासून वेगळी आणि कुलपात. कागदी नळकांडी पावसाळ्यात फुगतात आणि खोबणीत अडकतात. आदिलाबादच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत काडतुसं ठेवणं तितकंच वाईट. सरावाहून आल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवा, शिसं विषारी आहे.

घाऊक घ्यायचीच असतील तर परवान्यावरच्या मर्यादेत, परवानाधारक दुकानातून घ्या. आधी दोन-तीन छापांचं एकेक खोकं आणा, रेंजवर आपल्याच बंदुकीने प्रत्येकाचे पाच-पाच बार कागदावर टाका आणि भोकं मोजा. पाचही कागदांवर आकडा जवळपास सारखा आला, तर खोक्यावरचा लॉट नंबर टिपून त्याच लॉटमधली उरलेली खोकी उचला. ते खोकं सर्वांत स्वस्त नसलं तरी चालेल.