कांदिवलीचा ट्रॅक्टर आणि गांवची कानस

ज्यांच्या दारांत ट्रॅक्टर उभा आहे अशा सभासद बंधूंस एक गोष्ट अनुभवाची असेल. ऐन नांगरटींत गिअरपेटींतील एखादें चक्र तुटतें. तालुक्याच्या दुकानांतून वेष्टनांतलें नवें चक्र आणावें, जुन्याच्या जागीं बसवावें आणि ट्रॅक्टर दुसरे दिवशीं वावरांत न्यावा. हें चक्र कदाचित् ट्रॅक्टरनंतर दहा वर्षांनीं घडलेलें असतें. तरी त्यास कानस लावावी लागत नाहीं. हें कसें साधतें, व त्याची किंमत कोणीं भरली, याविषयीं या अंकीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या वाडवडिलांच्या काळीं प्रत्येक अवजार एकटें जन्मास येई. लोहार गाडीचा आंस घडवी तो त्याच गाडीपुरता. दुसऱ्या गाडीस तो लागेलच असें नसे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमिनींत विष पसरतें म्हणून आपल्याच लोकांनीं तो नाकारला होता. पुढें १९१० सालीं हा कारखाना किर्लोस्करवाडीस गेला आणि तेथील नांगर गांवोगांव पोंचले.

ट्रॅक्टरची कथा मुंबईच्या उपनगरांत, मालाड व बोरिवली यांच्या मधल्या कांदिवलीस सुरू होते. १९६३ सालीं महिंद्र आणि महिंद्र, व्होल्टास व अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनीं मिळून ट्रॅक्टरची कंपनी स्थापिली, आणि १९६५ सालीं बी-२७५ हा तिचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९७७ सालीं ही कंपनी महिंद्रांतच विलीन झाली.

त्या काळच्या कारखान्यांत लेथवर कातारी उभा असे व त्याच्या हाताशीं दोन टोकांचें माप असे. भोंक बरोबर असेल तर मापाचें एक टोक आंत गेलें पाहिजे आणि दुसरें जातां कामा नये. दोन्हीं गेलीं तर नग बाद. इतक्या साध्या युक्तीवर सारी बदली-सुट्या भागांची विद्या उभी आहे. अडचण एवढीच, कीं दुपारीं कातारी थकतो, हत्याराची धार झिजते आणि माप हळूच सरकतें. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या चौदाव्या हिश्शाएवढा जाड असतो. बेअरिंग ज्या दांड्यावर बसतें त्यास याच्या निम्म्याइतकाही फरक सोसत नाहीं.

यावर तोड अमेरिकेंत निघाली. तेथील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत १९५२ सालीं भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरील आंकडे वाचून स्वतः चालणारें यंत्र दाखविण्यांत आलें. फितीची जागा पुढें संगणकानें घेतली. आतां यंत्र बिडाचा ठोकळा धरतें, हत्यारें आपलीं आपण बदलतें, आणि कांहीं यंत्रें नग मोजून धारेची झीज ध्यानांत घेऊन पुढील काप सुधारून घेतात. मात्र यंत्रें आणिलीं म्हणजे काम संपलें असें नव्हे. फरक कोठें व कां पडतो याचा रोजचा शोध घ्यावा लागतो. २००३ सालीं महिंद्रांच्या शेतीयंत्र विभागास जपानचें डेमिंग पारितोषिक मिळालें तें अशाच शिस्तीबद्दल. जगांतील कोणत्याही ट्रॅक्टर-कंपनीस तें त्यापूर्वीं मिळालें नव्हतें.

येथें आमच्याच घरचा हलगर्जीपणा सांगतों. डिझेल पंपांतील दट्ट्या व त्याची नळी यांच्यांत अवघें दोन-तीन मायक्रॉन अंतर असतें. आम्ही उघड्या पिंपांतून, मळकट बादलीनें तेल ओतीत असूं. एका हंगामांत पंप गेला, आणि पेरणीचे आठ दिवसही गेले. यंत्रानें राखलेली सफाई आम्हीं बादलीनें घालविली होती! तेव्हांपासून तेल निवळूं देतों, जाळीच्या व फडक्याच्या नरसाळ्यांतून गाळतों, आणि फिल्टर ठरल्या तासांस बदलतों.

आतां किंमतीविषयीं. घाटावरचा व कोंकणांतला धाकटा भाऊ घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या कारखान्यांत लागे. त्याच्या मनिऑर्डरीवर इकडे विहिरी खोदल्या गेल्या, बैल घेतले गेले. यंत्रें आलीं तशी एका नगामागें लागणारी माणसें घटलीं. जमिनीचे भाव वाढले, कारखाने बाहेर गेले, आणि पुष्कळ ठिकाणीं धुराड्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या. सारा दोष यंत्रास देणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु सुटा भाग स्वस्त व बिनचूक मिळतो म्हणून आनंद मानतांना, तो पूर्वीं करणारा कातारी आपल्याच भावकींतला होता हें आम्हांस विसरवत नाहीं. कोरडवाहू जमिनीच्या घरास त्या मनिऑर्डरीची भरपाई अद्याप झालेली नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या गांवच्या लोहाराचा मुलगा सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत शिकला व आतां असेंच संगणकी यंत्र चालवितो. काम काय, असें विचारतां म्हणाला, "काका, मोजणें आणि पाहत राहणें." सुटीस घरीं आला म्हणजे बापाच्या भात्यापाशीं बसतो. म्हाताऱ्यानें ऐरण विकलेली नाहीं. मृगापूर्वीं फाळ पाजविण्यास आम्ही अजून त्याच्याकडेच जातों.