बाळंतपण करणारी बाई कुठून येते?

अणदूर म्हटलं की धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला आधी खंडोबा आठवतो. वर्षातला मोठा काळ देव अणदूरला असतो, उरलेला काळ शेजारच्या नळदुर्गला. मूलबाळ व्हावं म्हणून इथे नवस बोलायचे आणि बाळ झालं की तळी भरायला यायचं, हा परिसरातला रिवाज. मात्र नवस फळाला येतो त्या दिवशी, कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत, बाईजवळ कोण बसतं? आणि ती बसणारी बाई हे काम शिकते कुठे?

आजच्या पन्नाशी-साठीच्या पिढीतले कित्येक जण घरातच जन्मले, सुईणीच्या हातावर. सुईण होण्याला शाळा नव्हती. सासूच्या किंवा आईच्या मागे कंदील धरून उभं राहायचं, पाणी तापवायचं, बाळंतिणीची पाठ चोळायची, आणि काही वर्षांनी एखाद्या रात्री म्हातारीचे डोळे साथ देईनासे झाले की पुढे व्हायचं. पोटावर हात ठेवून मूल उभं आहे की आडवं, डोकं खाली उतरलंय की अजून वर तरंगतंय, हे चांगली सुईण सांगायची. पहिलटकरीण असेल तर घाई नको, कळ नसताना जोर लावू नको, हेही तिला ठाऊक असायचं. मोबदला म्हणजे पायलीभर जोंधळे, नारळ, खण, आणि मुलगा झाला तर लुगडं. मुलगी झाली तर बहुतेक वेळा नुसतेच जोंधळे.

हे काम बऱ्याच गावांत मांगवाड्यातल्या किंवा महारवाड्यातल्या बायांकडे असे. नाळ कापणं आणि वार पुरणं हा विटाळ मानला जाई, म्हणून ते त्यांच्याकडे. बाराव्या दिवशी घर शुद्ध झालं की तीच सुईण पुन्हा अंगणाबाहेर. सुईणीच्या पारंपरिक ज्ञानाचं कौतुक करताना आपण हा भाग सोयीने गाळतो. तिच्या हाताला गुण होता हे खरं, पण ते काम तिने निवडलेलं नव्हतं हेही तितकंच खरं.

तिच्या ज्ञानाला मर्यादाही होत्या आणि त्या जिवावर बेतायच्या. वार अडकून रक्त जाऊ लागलं की तिच्यापाशी उपाय नव्हता. नाळ विळ्याने कापायची, त्यावर राख किंवा शेण लावायचं, आणि आठवड्याभरात बाळ आकडी येऊन जायचं. लोक सटवाईच्या लिखिताला बोल लावायचे. तो धनुर्वात होता. आईला गरोदरपणात लस आणि नाळेला कोरं पातं, एवढ्यावर तो थांबला. माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं देशातून उच्चाटन झाल्याचं जाहीर व्हायला मात्र २०१५ साल उजाडलं.

या सुईणींच्या बरोबरीने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, पुणे-मुंबईकडे दुसरी वाट तयार होत होती. आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेताना प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं राहिलं आणि तिथून विधवा, परित्यक्ता बाया ससून रुग्णालयात रुग्णसेवा आणि सुईणकाम शिकायला जाऊ लागल्या. केशवपन झालेल्या, घरात कोपरा धरून बसलेल्या बाईला प्रमाणपत्र आणि पगार मिळू लागला, ही लहान गोष्ट नव्हती. पण अणदूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथल्या माणसाचं मोठं शहर पुणे नव्हे, हैदराबाद. मधल्या गावांतली बाई ना इकडे पोचली ना तिकडे. तिच्या वाट्याला कंदील आणि सुईण एवढंच राहिलं.

स्वातंत्र्यानंतर सरकारने दोन दारं उघडली. एक दार जुन्या सुईणींसाठी होतं. महिनाभराचं दाई प्रशिक्षण, त्यानंतर एक पेटी: साबण, पातं, दोरा, प्लास्टिकचं कापड. शिकवण पाच स्वच्छतांची. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि नाळेवर काहीही लावायचं नाही. हे पाच नियम दिसायला साधे आहेत, पण शेवटचा पाळायला सर्वांत अवघड. नाळेला काहीतरी लावल्याशिवाय काळजी घेतल्यासारखं वाटत नाही, आणि घरातली म्हातारी माणसं तर ऐकतच नाहीत.

दुसरं दार एएनएमचं, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफचं, मदतनीस नर्स-सुईणीचं. १९५१ मध्ये पंजाबातल्या तरनतारनच्या सेंट मेरीज रुग्णालयात हा अभ्यासक्रम सुरू झाला. दोन वर्षांचा, आणि भर बाळंतपणावर. कल्पना अशी की गावातच राहणारी, थोडं शिकलेली मुलगी शिकून येईल आणि बाळंतपणं करील. १९७३ च्या करतारसिंग समितीनंतर ही कल्पना बदलली. एएनएम 'बहुउद्देशीय' झाली. अभ्यासक्रम दीड वर्षावर आला आणि तिच्या अंगावर कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं, लसीकरण, हिवताप, क्षयरोग, पाहण्या, नोंदवह्या येऊन पडल्या. पुढे अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला, पण काम काही कमी झालं नाही. आज साधारण पाच हजार लोकसंख्येच्या उपकेंद्रात बसणारी आरोग्य सेविका, गावाच्या भाषेत सिस्टर, नावाने अजून सुईण आहे. दिवस मात्र तिचा रजिस्टरात आणि मोबाईलच्या ॲपमध्ये जातो. माझ्या मते आपल्याकडच्या सुईणकामाचं सर्वांत मोठं नुकसान १९७३ नंतरच्या या वळणाने केलं. चांगल्या हेतूने केलं, पण केलं.

अणदूरला मात्र आणखी एक वाट निघाली. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या डॉक्टर दाम्पत्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं केलं. हॅलोने गावोगावच्या बायांना शिकवून तयार केलं आणि त्यांना नाव दिलं 'भारतवैद्य'. गावातलीच बाई, पुस्तकी शिक्षण थोडं, पण साध्या आजाराला औषध देणारी, गरोदर बाईवर लक्ष ठेवणारी, कधी दवाखान्यात न्यायचं ते ओळखणारी. ही बाई सुईण नव्हे आणि नर्सही नव्हे, पण बाळंतपणाच्या वाटेवरचा अर्धा धोका तिच्या टप्प्यात येतो. सूज आहे का, डोकं दुखतं का, बाळ हलतं का, रक्त किती आहे, हे प्रश्न वेळेवर कुणी विचारले तर शेवटच्या रात्रीची धावपळ पुष्कळ टळते.

हा विचार महाराष्ट्रात नवा नव्हता. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्यकार्यकर्त्या केलं. त्यासाठी १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायांच्या हातून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथला नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. पाचवी-सातवी शिकलेली बाई हे करू शकते, हे जगाने महाराष्ट्राकडून शिकलं. महाराष्ट्र सरकार किती शिकलं, हा वेगळा लेख होईल.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि चित्र झपाट्याने पालटलं. बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, त्यासाठी आईला पैसे आणि तिला घेऊन येणाऱ्या आशा ताईला मानधन. दाई प्रशिक्षण हळूहळू आटलं. देशात १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्यात होणारी बाळंतपणं २६ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेली. महाराष्ट्रात तर ९४.७. राज्यातलं मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आलं, देशाचं तेव्हा ९७ होतं. हे यश आहे, त्यात वाद नाही. सुईणीला त्यात जागा उरली नाही. काही जणी आशा ताईबरोबर बाळंतिणीच्या सोबतीला आल्या, बाकीच्या घरी बसल्या.

दवाखान्यात कॉटपाशी कोण असतं? सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणाला बहुतेकदा सिस्टरच. ती इथवर येते त्या वाटा आज तीन. बारावीनंतर, अगदी कला शाखेतूनही, दोन वर्षांचा एएनएम. तीन वर्षांचा जीएनएम, म्हणजे नर्सिंग आणि सुईणकाम दोन्ही. आणि विज्ञान शाखेतून चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, ज्याला आता सामायिक प्रवेश परीक्षा आहे. नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली की जीएनएम आणि बी.एस्सी. झालेली मुलगी कागदावर नर्सही असते आणि सुईणही.

काम शिकायचं ते मात्र लेबर रूममध्ये, आणि तिथे सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे पार्टोग्राफ. एका पानाचा आलेख. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की तो भरायला घ्यायचा. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, दहा मिनिटांत कळा किती आणि किती वेळ टिकल्या, चार तासांनी आतली तपासणी. कागदावर दोन तिरप्या रेघा असतात, चार तासांच्या अंतराने. पहिली सावध करणारी, तासाला एक सेंटिमीटर या वेगाची. बाईचा आलेख या रेघेच्या उजवीकडे सरकू लागला की सिस्टरने डॉक्टरला बोलवायचं किंवा बाईला पुढे पाठवण्याची तयारी करायची. दुसऱ्या रेघेपर्यंत वाट पाहायची नसते. अनेक ठिकाणी हा कागद बाळंतपण झाल्यावर 'नीट' भरला जातो, हे या क्षेत्रातलं कुणीही खासगीत कबूल करील. असा भरलेला पार्टोग्राफ तपासणीला उपयोगी पडतो, बाईला नाही.

बाळ बाहेर आल्यावरची पहिली मिनिटंही तशीच. पोटात दुसरं मूल नाही याची खात्री करायची, मिनिटभरात मांडीत दहा युनिट ऑक्सिटोसिन, मग एका हाताने गर्भाशय वर धरून दुसऱ्या हाताने नाळ हलके, एकसारखी ओढायची, वार पडली की पोट चोळून गर्भाशय गोळ्यासारखं घट्ट झालं का ते पाहायचं. कंदिलाच्या उजेडात सुईणीला जे साधत नव्हतं ते या एका इंजेक्शनने साधतं. तरीही ते देण्याचा अधिकार एएनएमला २००५ च्या सुमारास धोरण बदलल्यावर मिळाला, आणि त्यासाठी तीन आठवड्यांचं कुशल प्रसूती प्रशिक्षण.

धाराशिव भागात या मिनिटांचं मोल अधिक आहे. अणदूरच्याच हॅलोच्या साथीने झालेल्या अभ्यासात जिल्ह्यातल्या १३ ते १७ वयाच्या हजारभर मुली तपासल्या, तेव्हा दहापैकी आठांहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. अशा मुलीचं लग्न लवकर होतं, मूलही लवकर होतं, आणि इतर बाई सहज सोसेल तेवढा रक्तस्राव तिला झेपत नाही. त्यात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सातव्या महिन्याची बाई माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडच्या घरी ठेवून कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जाते. तिची नोंद एका उपकेंद्रात, ती उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, आणि कळा सुरू होतात तेव्हा तिला ओळखणारी सिस्टर दोनशे किलोमीटरवर.

उलट टोकालाही अडचण आहे. २०१९-२१ च्या त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रातली चारातली एक बाई सिझेरियनने बाळंत होते, आणि देशभरात खासगी दवाखान्यांत हे प्रमाण जवळपास निम्मं आहे. नैसर्गिक बाळंतपणाला वेळ आणि जवळ बसणारं माणूस लागतं. डॉक्टरकडे वेळ नसतो आणि सिस्टरकडे अधिकार नसतो.

ही कोंडी फोडायला केंद्राने २०१८ मध्ये सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्या आणि दोन वर्षं बाळंतपणं केलेल्या नर्सला दीड वर्षाचं जादा शिक्षण, वर्षभर अभ्यास आणि सहा महिने प्रत्यक्ष काम. त्यानंतर ती साध्या बाळंतपणाची पूर्ण जबाबदारी स्वतःच्या सहीने घेऊ शकेल. तेलंगणात अशा सुईणी आधीच तयार होऊ लागल्या होत्या. २०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि सुईणसेवा आयोग कायद्याच्या नावातच सुईणीला स्वतंत्र जागा मिळाली. ब्रिटनने सुईणींचा कायदा १९०२ मध्ये केला आणि तिथे नर्स न होता थेट तीन वर्षांची सुईणकामाची पदवी घेता येते. आपल्याकडे थेट वाट अजून नाही. आधी नर्स, मग नोकरी, मग अनुभव, मग पुन्हा शिक्षण. बारावीला बसलेल्या मुलीने 'मला फक्त बाळंतपणं करायची आहेत' म्हटलं तर तिला सांगावं लागेल की पोरी, निदान साडेसहा-साडेसात वर्षं धर. ही वाट फार लांब आहे आणि ती लांब ठेवण्यात कुणाचंही हित नाही.

तोवर अणदूर-नळदुर्ग-जळकोटच्या ज्या मुली यंदा बारावीला आहेत त्यांच्या आईवडिलांना एवढंच सांगणं. एएनएम-जीएनएमच्या पाट्या तालुक्या-तालुक्याला लागल्या आहेत. त्यातल्या काहींना स्वतःचा दवाखाना नाही, मुलींना बाळंतपणं पाहायलाही मिळत नाहीत. फी भरण्याआधी त्या संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची त्या वर्षाची मान्यता आहे का ते बघा. मुलींना प्रात्यक्षिकाला कुठल्या दवाखान्यात नेतात आणि तिथे महिन्याला बाळंतपणं किती होतात, हे तोंडी न विचारता लेखी मागा. आणि आपल्या मुलीला सांगा, की डिग्री कुठलीही घे, लेबर रूममधली रात्रपाळी चुकवू नकोस.