नाकावरचा कर्करोग काढल्यावर नवी त्वचा कपाळावरूनच का घेतात?

नाकाच्या किंवा वरच्या ओठाच्या कडेला त्वचेच्याच रंगाचा, किंचित कडक चट्टा. दुखत नाही, वर्षानुवर्षे फारसा वाढतही नाही. कधी तेवढ्या जागी बधिरपणा किंवा मुंग्या जाणवतात. ‘मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा’ हा त्वचेचा दुर्मीळ कर्करोग असा दिसतो. शरीरात इतरत्र तो क्वचितच पसरतो, पण त्वचेखाली मज्जातंतूंच्या कडेने सरकत जातो. त्यामुळे वरचा चट्टा लहान असला तरी काढावा लागणारा भाग बराच मोठा निघू शकतो.

म्हणून ‘मोह्स’ पद्धतीत एकेक पातळ थर काढून त्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कर्करोगाच्या पेशी दिसल्या, तर नेमक्या तिथून पुढचा थर काढतात. जखम लवकर झाकली जावी असे रुग्णाला वाटणे साहजिक आहे. पण बसवलेल्या त्वचेखाली कर्करोग राहून गेला, तर तो उशिरा कळतो आणि केलेली दुरुस्तीही मोडावी लागते.

मांडीची त्वचा लावून भागत नाही का? सुटी काढलेली त्वचा खालून रक्त मिळाले तरच जगते आणि उघड्या कूर्चेवर ते मिळत नाही. शिवाय नाक म्हणजे नुसती कातडी नव्हे. आतले अस्तर आणि आकार धरणारी कूर्चाही लागते. कूर्चा कानातून किंवा बरगडीतून घेतात. वरच्या त्वचेसाठी रंगाने, पोताने जुळणारी जवळची जागा म्हणजे कपाळ. भुवईच्या आतल्या टोकाकडून वर जाणाऱ्या रक्तवाहिनीसह कपाळाची पट्टी उचलून, फिरवून नाकावर शिवतात. भुवईजवळचा देठ मात्र तसाच ठेवतात. साधारण तीन आठवड्यांत पट्टीला नाकाकडून रक्त मिळू लागते, मग तो कापतात. तोवर दोन डोळ्यांच्या मधे हा पूल घेऊन वावरायचे. चष्मा लावणेही कठीण. याची आधी कल्पना दिलेली नसेल, तर पहिल्यांदा आरसा पाहताना रुग्ण हादरतो.

ही युक्ती इंग्लंडला कळली ती पुण्याकडून. इंग्रज सैन्यातला बैलहाक्या कावसजी याचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. पुण्याजवळच्या एका कारागिराने मेणाचा नमुना कपाळावर ठेवून, तेवढ्या त्वचेतून ते पुन्हा घडवले. ही हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तिथे अशी शस्त्रक्रिया केली.

कपाळावर एक रेघ कायमची राहते. नाक जाड दिसले, तर ते रेखीव करायला आणखी एखादी शस्त्रक्रिया लागते. तपासण्या मात्र अनेक वर्षे सुरू ठेवतात, कारण हा कर्करोग फार उशिरानेही त्याच जागी परत येऊ शकतो.