विजेची मोटार : आधीं गोठा, मग गाय

गेल्या माघांत महालांतील आमच्या घरीं एका संध्याकाळीं मोठा खल झाला. पंधरा वर्षें इमानानें सेवा केलेली आमची पेट्रोलची मोटार वारंवार कुरकुरूं लागली होती. "काका, आतां घ्यायची तर विजेचीच, आणि तीहि ऐसपैस सेडान," असा ठराव आमच्या पुतण्यानें मांडिला. थोरले बंधू अठ्ठ्याहत्तरीचे व गुडघ्यांनीं अधू. त्यांस बसा-उठावयाची चिंता. वहिनींची चिंता निराळी. वडील मंडळींच्या आजारपणासाठीं म्हणून बँकेंत बाजूस ठेवलेली ठेव या गाडीपायीं मोडावी लागेल, हें त्यांनीं ताबडतोब ओळखलें. घरांत माणसें अकरा आणि मतें बारा! शेवटीं चौकशीचें काम आमच्याकडे आलें. कारण सेवानिवृत्त मास्तराजवळ वेळ असतो, आणि हिशेबाची वही असते.

आम्ही यंत्रविशारद नाहीं. परंतु दोन महिने दुकानें पाहिलीं, जाणत्यांस विचारलें, आणि जें समजलें तें वहींत उतरून ठेवलें. आमच्यासारखींच अनेक कुटुंबें आज याच उंबरठ्यावर उभीं असतील, म्हणून त्या वहीचें सार वाचकांपुढें ठेवितों.

नागपूरनें घेतलेला धडा

विजेच्या मोटारी नागपुरास नव्या नाहींत. २६ मे २०१७ रोजीं ओला आणि महिंद्र या कंपन्यांनीं विजेच्या वाहनांचा मोठा प्रयोग याच शहरीं आरंभिला. सुमारें २०० वाहनें रस्त्यावर यावयाचीं होतीं, आणि उद्घाटनास केंद्रीय मंत्री नितीन गडकरी व त्या वेळचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. भर उन्हाळ्यांत आरंभिलेला हा प्रयोग सर्व देशानें कौतुकानें पाहिला. पुढें मात्र अडचण उभी राहिली ती गाड्यांची नव्हे, चार्जिंगची. ठिकाणें थोडीं, गाड्या फार; चालकांचे तासन् तास रांगेंत जाऊं लागले, आणि कित्येकांनीं पुन्हां पेट्रोल-डिझेलची गाडी मागितली.

त्यानंतर चार्जिंगचीं ठिकाणें पुष्कळ वाढलीं आहेत. तरीहि त्या प्रयोगांतून गृहस्थानें घ्यावयाचा बोध जुना होत नाहीं. पेट्रोलची मोटार घेणारा पंपावर विसंबून राहूं शकतो. विजेची मोटार घेणाऱ्यानें प्रथम आपल्या घराकडे पाहावें. आमच्या आजीच्या शब्दांत सांगावयाचें तर, आधीं गोठा, मग गाय.

गाडी रात्रीं कोठें उभी राहील?

घरच्या साध्या १५ अँपियरच्या प्लगांतून तासास सुमारें ३ युनिटें वीज गाडींत जाते. बॅटरी ६० युनिटांची असेल तर ती रिकामी असतां भरण्यास वीस तास लागतील. भिंतीवर बसविण्याचा ७ किलोवॅटचा चार्जर तेंच काम आठ-नऊ तासांत करितो. रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्यास मात्र साधा प्लगहि पुरतो. कारण रात्रभरांत तेवढी वीज सहज भरली जाते. सबब महागडा चार्जर घेण्याची घाई नको. घाई हवी ती तारा तपासण्याची.

आमच्याच घरचा अनुभव सांगतों. परिचितांची गाडी आणून आम्हीं अंगणांतल्या प्लगाला जोडून पाहिली, तों चार्जरचा लाल दिवा लागला आणि वीज कांहीं घेईना. वायरमननें येऊन पाहिलें, तर वाड्याचें जुनें अर्थिंग नांवापुरतें उरलेलें! नवें अर्थिंग केलें, मीटरपासून स्वतंत्र जाड तार ओढली, वेगळा ब्रेकर बसविला, तेव्हां कोठें काम सुरळीत झालें. यास कांहीं हजार रुपये पडले. पण गाडी दारांत आणून मग हें कळलें असतें तर मनस्ताप किती झाला असता! जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. सदनिकेंत राहणाऱ्यांनीं गृहनिर्माण संस्थेची संमति, आणि मीटरच्या खोलीपासून आपल्या जागेपर्यंत तार कशी जाईल हें, दोन्ही लेखी ठरवून घ्यावें. शेजाऱ्याच्या प्लगावर गाडी पाळतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट विजेच्या देयकाची. महावितरणचा घरगुती दर पायऱ्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटांस एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, आणि त्यापुढें चौथा. वैशाखांत कूलर आणि वातानुकूलक यांनीं एकत्र कुटुंब आधींच वरच्या पायरीवर चढलेलें असतें. मोटारीचीं युनिटें त्याच पायरीवर जाऊन बसतात. यावर उपाय म्हणून मोटारीसाठीं वेगळें मीटर घेतां येतें व त्यास वाहन-चार्जिंगचा स्वतंत्र दर लागतो. दोन्ही हिशेब शेजारीं शेजारीं मांडून मगच अर्ज करावा.

किती दूर जाईल?

दुकानांत पहिला आंकडा सांगितला जातो तो हा, आणि सर्वांत अधिक फसगत होते तीहि येथेंच. सरकारमान्य चांचणींतील आंकडा खोटा नसतो. पण ती चांचणी ठरीव वेगाची असते, आपला रस्ता तसा नसतो. शहरांत त्या आंकड्याच्या तीन-चतुर्थांश, आणि महामार्गावर वेगानें गेल्यास दोन-तृतीयांश धरावा, हा आमचा ठोकताळा. कारण शाळेंतील पदार्थविज्ञानाचेंच आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. समृद्धि महामार्गावर १२० ची मुभा आहे म्हणून तेवढ्या वेगानें जाणाऱ्याची बॅटरी, ९० नें जाणाऱ्यापेक्षां फार लवकर रिकामी होते.

पण खरा प्रश्न गाडी किती जाईल हा नसून, आपण किती जातों हा आहे. म्हणून आम्हीं एक महिनाभर जुन्या गाडीचा आंकडा रोज रात्रीं वहींत लिहिला. महिन्याचे भरले ९४० किलोमीटर. त्यांत एकदांच रामटेक, एकदांच वर्धा. बाकी सगळे दिवस चाळीस किलोमीटरांच्या आंत. दोनशेंच्या पलीकडचा प्रवास वर्षांतून चार वेळां, आणि त्यांतला ठरलेला म्हणजे शेगांव, सुमारें ३०० किलोमीटर. हा आंकडा पाहतांच पुतण्याचा आग्रह निम्मा उतरला. वर्षांतील चार दिवसांसाठीं तीनशें एकसष्ट दिवस मोठी बॅटरी वाहून नेणें म्हणजे चार पाहुण्यांसाठीं बारा महिने शंभर पानांचा स्वयंपाक करणें होय.

लांबच्या प्रवासांत वाटेवरील जलद चार्जरवर थांबावें लागतें. त्याची रीत अशी कीं, ऐंशी टक्क्यांपर्यंत वीज झरझर भरते आणि पुढें गति मंदावते. काठोकाठ भरत आलेल्या घागरींत आपण जसें पाणी हळू ओततों, तसें. म्हणून ऐंशीला निघावें. जेवणाची वेळ आणि चार्जिंगची वेळ एकत्र साधल्यास खोळंबा वाटत नाहीं.

सेडान कीं उंच गाडी?

मागें सामानाची वेगळी डिकी असलेली, मध्यम आकाराची सेडान आपल्याकडील मध्यमवर्गाची जुनी आवड. विजेच्या गाड्यांत मात्र ही जात विरळ आहे. महिंद्रांची ई-व्हेरिटो २०१६ सालीं आली; तिची धांव एका चार्जवर सुमारें ११० किलोमीटर. टाटांची टिगोर ई. व्ही. ऑगस्ट २०२१ मध्यें २६ युनिटांच्या बॅटरीसह आली. ती आकारानें लहान सेडान. मार्च २०२४ मध्यें बी. वाय. डी. या चिनी कंपनीची सील आली. बॅटरी ६१ व ८२ युनिटांची, किंमत ४१ लाखांपासून पुढें. मधल्या किंमतीची सेडान शोधावयास जावें तर दुकानदार उंच गाडीकडेच नेतो.

सेडानचा मोठा गुण असा कीं, बुटकी व निमुळती असल्यामुळें ती वारा कमी अडविते, आणि तेवढ्याच विजेंत उंच गाडीहून दूर जाते. दोष दोन. बॅटरी तळाशीं पसरलेली असल्यामुळें पाय ठेवण्याची जागा उंचावते. मागें बसणाऱ्याचे गुडघे वर येतात व मांड्यांस आधार राहत नाहीं. एका दालनांत थोरल्या बंधूंस मागें बसविलें, तर बसतां आलें, पण दोघांनीं हात दिल्यावांचून उठतां येईना. तें पाहून वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, पण त्या गाडीचा निकाल तेथेंच लागला. ज्यांच्यासाठीं गाडी घ्यावयाची त्यांसच बसवून, अर्धा तास फिरवून आणावें; जाहिरातीचा कागद हें सांगत नाहीं.

दुसरा दोष जमिनीपासूनच्या उंचीचा. सीलची ही उंची १४५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरहि नाहीं, आणि आपल्या गल्ल्यांतील गतिरोधक कोणत्या मापानें बांधतात हें सर्वांस ठाऊकच आहे. तिची रुंदी १८७५ मिलिमीटर, आरसे वेगळे. आमच्या फाटकाला टेप लावला तेव्हां दोन्ही बाजूंस चार बोटेंहि उरेनात. शिवाय डिकी उघडून पाहावी. पेट्रोलची गाडी विजेवर आणलेली असेल तर बॅटरी डिकींतील जागा खाते, आणि कांहीं गाड्यांत जादा चाकहि देत नाहींत.

ऊन आणि पाणी

आपल्याकडे वैशाखांत पारा ४५ च्या वर जातो. बॅटरीस उष्णता मानवत नाहीं; म्हणून तिला थंड ठेवण्यासाठीं द्रवाची व्यवस्था आहे कीं केवळ हवेची, हा प्रश्न नागपूरकरानें पहिल्यानें विचारावा. लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी वजनानें थोडी जड, पण उष्णतेस अधिक सोशीक व दीर्घायुषी; निकेलच्या जातीची हलकी, पण तिला रोज ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरावें. कोणतीहि असली तरी पूर्ण भरून उन्हांत दिवसच्या दिवस उभी ठेवूं नये. वातानुकूलक तासास एक-दोन युनिटें घेतो, तींहि हिशेबांत धरावीं.

आणि पाण्याचें काय? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहांटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला, आणि कित्येक वस्त्यांत गाड्या पाण्यांत बुडाल्या, हें कोण विसरेल? आय-पी ६७ हें मानांकन असलेली बॅटरी मीटरभर पाण्यांत अर्धा तास टिकावी अशी तिची परीक्षा झालेली असते. पण रात्रभर बुडालेल्या गाडीला हें अभय नाहीं. अशी गाडी चालू करूं नये, चार्जरला तर मुळींच जोडूं नये. ओढून कारखान्यांत न्यावी. विमा घेतांना पुराच्या पाण्यानें झालेली बॅटरीची हानि त्यांत येते किंवा नाहीं, हें लेखी विचारावें.

त्रैराशिक

आतां पैशाचा हिशेब. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते व लिटरला १०५ रुपये पडतात असें धरूं. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. विजेच्या सेडानला, भरतांना होणारी गळती धरून, शंभर किलोमीटरांस साडेसोळा युनिटें, आणि युनिटास १० रुपये धरूं. म्हणजे किलोमीटरला १ रुपया ६५ पैसे. बचत ५ रुपये ३५ पैसे. आमचें वर्षाचें चालणें ११ हजार किलोमीटर. बचत ५८,८५० रुपये. विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीहून ५ लाखांनीं महाग असेल तर हे ५ लाख वसूल होण्यास साडेआठ वर्षें. ३ लाखांनीं महाग असेल तर पांच वर्षें. बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरांची असते. तेव्हां पहिल्या हिशेबांत हमी आधीं संपते आणि फायदा मागाहून येतो; दुसऱ्यांत तीन वर्षें निव्वळ नफा. वर्षास ५ हजार किलोमीटरच फिरणाऱ्यास ५ लाख वसूल व्हावयास जवळजवळ १९ वर्षें लागतील! वाचकांनीं आपले आंकडे घालून हें गणित स्वतः सोडवावें.

कराचें पारडें विजेच्या बाजूस आहे. विजेच्या मोटारीवर ५ टक्के वस्तु-सेवाकर आहे; पेट्रोलच्या लहान गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के, मोठीवर ४०. हमीच्या कागदांत मात्र एक वाक्य शोधावें: बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखालीं गेली असतां ती बदलून मिळेल? तें वाक्य नसेल तर हमी अर्धीच समजावी.

धुराविषयींहि दोन शब्द. आपल्या प्लगांतील विजेचा मोठा भाग कोळशाचा आहे. कोराडी आणि खापरखेडा यांच्या चिमण्या आपण रोज पाहतों. तेव्हां धूर नाहींसा झाला असें नव्हे. तो आपल्या गल्लींतून हलला. तरी पेट्रोलचें यंत्र इंधनाच्या उष्णतेचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा चाकांस देतें आणि विजेची मोटर मिळालेल्या विजेचा बहुतेक सारा. त्यामुळें एकंदरींत हिशेब बराच उजवा ठरतो. छपरावर सौर पट्ट्या असतील तर तो आणखी उजवा.

शेवटीं आमच्या घरीं काय ठरलें? ठेव मोडावयाची नाहीं, हें प्रथम ठरलें. मग लहान बॅटरीची गाडी, जींत थोरले बंधू कोणाचा हात न धरितां बसूं-उठूं शकतात, ती. शेगांवास जातांना वाटेंत एकदां थांबून सर्वांनीं जेवावें. ऐसपैस सेडानचें स्वप्न पुतण्यानें स्वतःच्या मिळकतीच्या दिवसांसाठीं राखून ठेविलें आहे. गाडी यावयाची आहे. पण अंगणांतील तार, अर्थिंग आणि छप्पर तयार आहे. परवां वहिनींनीं त्या छपराखालीं उभें राहून वर पाहिलें आणि म्हटलें, "भावोजी, गोठा तर छान झाला!" आम्हांस आमच्या दोन महिन्यांच्या खटपटीचें वेतन तेवढ्यांत मिळालें.